मंडळाचा पॅक काढायचाय, पण खजिनदार कोण होणार?

तळेगावकर

गणपतीच्या कमिटी मीटिंगनंतर पार्किंग लॉटमध्ये आमची खरी मीटिंग होते. परवा तिथे एकाने टूम काढली, आपणही एक पॅक (उमेदवारांसाठी पैसे गोळा करणारी राजकीय समिती) काढू. पंचवीस-तीस घरं, घरटी दोनशे-तीनशे डॉलर, आणि जो उमेदवार ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल तोंड उघडेल त्याला चेक. भिशीसारखंच, फक्त नंबर उमेदवाराला लागणार. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे बघितलं, कारण मंडळाचा हिशोब मी ठेवतो.

घरी येऊन फेडरल इलेक्शन कमिशनच्या (यापुढे एफईसी) साइटवर सहज स्वतःचं नाव टाकलं. मागच्या निवडणुकीत मी एकदाच, ऑनलाइन, पंचवीस डॉलर दिले होते. ते तिथे आहेत! नाव, गाव, झिप कोड, व्यवसाय, कंपनी, तारीख. बायको मागे उभी होती. "हे कधी दिलेस?"

मी ऐकलं होतं की नाव दोनशेच्या वरच येतं. मग पंचवीसवर कसं आलं? खजिनदाराला नक्की काय काय करावं लागतं? एच-वन-बीवाल्यांचे पैसे चालतात का? आमच्यात निम्मे तेच आहेत. आणि सुरुवातीचा खर्च मंडळाच्या खात्यातून केला तर?

न्यू जर्सीत राहतो. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

गवती_चहा

पंचवीस डॉलरमध्ये रंगेहाथ पकडला गेलेला पहिला नवरा. ह.घ्या.

वाचतेय.

काटकसर

मी सहा वर्षं एका छोट्या पॅकची खजिनदार होते. पगार शून्य, शिव्या भरपूर. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खड्डा तिथेच आहे.

मंडळाच्या खात्यातून एक पैसाही नको. बहुतेक मंडळं ५०१(सी)(३) असतात, म्हणजे देणगीवर करसवलत मिळणारी. १९५४ पासून अशा संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला पूर्ण बंदी आहे. थोडा केला तर चालतो असंही नाही. मंडळाची ईमेल यादी, मंडळाने भाड्याने घेतलेला हॉल, गणपतीच्या स्टेजवरची घोषणा, सगळं बाजूला ठेवा. पॅक वेगळा, बँक खातं वेगळं, टॅक्स नंबर वेगळा. माणसं तीच असली तरी हरकत नाही.

आता पॅक. तुमच्या गटाने फेडरल निवडणुकीसाठी वर्षात १,००० डॉलरच्या वर गोळा केले किंवा खर्च केले की तुम्ही कायद्याने 'पोलिटिकल कमिटी' होता. मग तुम्ही स्वतःला पॅक म्हणा नाहीतर भिशी. त्यानंतर दहा दिवसांत फॉर्म वन भरून नोंदणी. त्यात खजिनदाराचं नाव लागतं, आणि हे नीट वाचा: खजिनदाराची जागा रिकामी असेल तर पॅकला पैसे घेता येत नाहीत आणि देताही येत नाहीत. अध्यक्ष नसला तरी पॅक चालतो. म्हणून सहायक खजिनदार पहिल्या दिवशीच नेमा. आमचे आधीचे खजिनदार ऐन ऑक्टोबरमध्ये भारतात गेले होते, तेव्हा मला हा नियम पाठ झाला.

पंचवीस डॉलरचं कोडं सोपं आहे. पॅकला वर्षभरात एका माणसाकडून एकूण २०० डॉलरच्या वर आले की त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, मालक, तारीख आणि रक्कम रिपोर्टात स्वतंत्र ओळीवर येते. त्याच्या खालची माणसं एका बेरजेत जातात. उमेदवाराच्या कमिटीलाही आकडा तोच, पण तो निवडणुकीच्या पूर्ण फेरीवर मोजतात. पण तुम्ही दिलेत ऑनलाइन. ॲक्टब्लू (डेमोक्रॅटांचा) आणि विनरेड (रिपब्लिकनांचा) हे ऑनलाइन देणगीचे मंच स्वतःच पॅक म्हणून नोंदलेले आहेत. तुमचा पैसा ते मधल्या हाताने पुढे पोचवतात, आणि असा पोचवलेला प्रत्येक पैसा ते नावानिशी दाखवतात, मग तो एक डॉलर का असेना. हेच पंचवीस तुम्ही चेकने उमेदवाराला थेट दिले असते तर बायकोला कळलं नसतं.

तळेगावकर

काटकसरताई, साष्टांग नमस्कार. म्हणजे चेक लिहायला शिकायला हवं पुन्हा.

शंकेखोर

माझा एच-वन-बी, बायकोचं ग्रीन कार्ड आलंय. मी पैसे दिले आणि नाव तिचं लावलं तर?

काटकसर

अजिबात नको. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वन-बी, एल-वन, एफ-वन कुणीच नाही. २०११ मध्ये दोघा परदेशी नागरिकांनी याला कोर्टात आव्हान दिलं होतं (ब्लूमन खटला), ते हरले, आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. पैसे तुमचे आणि नाव तिचं, हा तर वेगळा गुन्हा आहे: दुसऱ्याच्या नावाने देणगी. तिने स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या मनाने दिले तर तिचे. जॉइंट खात्याचा चेक असेल तर सही ज्याची, देणगी त्याची धरतात.

आणखी एक, जे लोक विसरतात. परदेशी नागरिकाला पॅकच्या निर्णयातही भाग घेता येत नाही. कुणाला चेक द्यायचा या चर्चेत तुमचं मत नको. उमेदवाराच्या प्रचारात बिनपगारी काम मात्र करू शकता.

शंकेखोर

म्हणजे मी सतरंज्या उचलायच्या. ओळखीचं काम आहे.

सोलकढी

दुसऱ्याच्या नावाने देणगी यावरून आठवलं. दिनेश डिसूझा, मुंबईत जन्मलेले, घराणं आमच्या गोव्याचं. २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या सिनेट उमेदवार वेंडी लाँग यांना त्यांनी मर्यादेबाहेर २०,००० डॉलर दिले, ओळखीच्या लोकांच्या नावांवर, आणि त्या लोकांना पैसे परत केले. २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला. शिक्षा म्हणजे आठ महिने सुधारगृहवजा केंद्रात, पाच वर्षं प्रोबेशन आणि ३०,००० डॉलर दंड. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. उमेदवार निवडणूक हरल्याच होत्या, ते वेगळंच.

कल्याण_लोकल

भारतातून लिहितोय, माफ करा. तुमच्याकडे पंचवीस डॉलरवाल्याचं नाव गुगल करता येतं. आमच्याकडे निवडणूक रोख्यांतून १६,००० कोटींच्या वर गेले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने योजना रद्द करून स्टेट बँकेला यादी द्यायला लावेपर्यंत कुणी कुणाला दिले हे मतदाराला माहीत नव्हतं. पक्षांना २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीचं नाव सांगावंच लागत नाही. अमेरिकेचं कौतुक वाटलं.

काटकसर

@कल्याण_लोकल, कौतुक जरा राखून ठेवा. मी खजिनदारी सोडली ती कंटाळून, पण कंटाळा फॉर्मचा नव्हता.

आमचा पॅक छोटा. मी महिन्याचा रिपोर्ट भरायचे. दर महिन्याच्या २० तारखेला फॉर्म थ्री-एक्स. शेड्यूल ए मध्ये आलेले पैसे, बी मध्ये गेलेले, डी मध्ये देणी. (तिमाही पर्यायही आहे: निवडणुकीच्या वर्षी १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी, शिवाय मतदानाच्या १२ दिवस आधी एक आणि ३० दिवसांनी एक.) एक काका दर वर्षी ३०० डॉलर द्यायचे आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहायचे 'समाजसेवा'. मालक: 'ईश्वर'. आता ते रिपोर्टात कसं घालू? नियम असा की माहिती अपुरी असेल तर ३० दिवसांच्या आत खजिनदाराने एकदा तरी पुन्हा विचारायचं आणि विचारल्याचा पुरावा ठेवायचा. मी फोन केला, पत्र पाठवलं. काका म्हणाले, "रिटायर्ड लिही, पण मला आवडलेलं नाही."

दिवाळीला आम्ही फराळाचे डबे विकले, ४० डॉलरला एक. मी भोळेपणाने सामानाचे १८ वजा करून देणगी २२ लिहिली होती. चूक. पॅकसाठी विकलेल्या वस्तूची पूर्ण किंमत ही देणगी. चकलीची किंमत सरकारच्या लेखी शून्य. सगळे रिपोर्ट दुरुस्त करून पुन्हा पाठवले. रोख रक्कम एका माणसाकडून १०० डॉलरच्या वर घेता येत नाही. निनावी पाकिटात ५० च्या वर निघाले तर वरचे पैसे निवडणुकीशी संबंध नसलेल्या कामाला देऊन टाकायचे. कागदपत्रं तीन वर्षं जपायची.

हे सगळं मी केलं, आणि करायलाच हवं होतं. पण त्याच ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर ज्या सुपर पॅकच्या जाहिराती धो धो चालू होत्या, त्यांचे पैसे कुणाचे हे मतदानाच्या दिवशी मला, एफईसीला, कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते कायद्याला धरून होतं.

गवती_चहा

मालक: ईश्वर. मेले हसून. 😂

पण शेवटचं समजलं नाही. सुपर पॅकला पण रिपोर्ट भरावे लागतात ना?

काटकसर

लागतात. सगळी गंमत कॅलेंडरची आहे.

सुपर पॅक २०१० चं अपत्य. जानेवारीत सुप्रीम कोर्टात सिटिझन्स युनायटेड खटल्याचा निकाल लागला, कंपन्या आणि युनियन उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करू शकतात. मार्चमध्ये स्पीचनाऊ खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने म्हटलं, मग फक्त असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटाला देणगी देण्यावरही मर्यादा नको. आमच्या साध्या पॅकला एक माणूस वर्षाला ५,००० च देऊ शकतो, सुपर पॅकला कितीही. पण सिटिझन्स युनायटेडमध्येच नऊपैकी आठ न्यायाधीशांनी प्रकटीकरण घटनेत बसतं असं म्हटलं होतं. पैसा मोकळा सोडा, पण नाव सांगा, असा तो सौदा.

नाव कधी सांगायचं, हे मात्र जुन्याच तारखांवर राहिलं. मतदानाआधीचा शेवटचा रिपोर्ट मतदानाच्या २० दिवस आधीपर्यंतचे व्यवहार दाखवतो. त्यानंतर आलेला पैसा दिसतो मतदानानंतर महिन्याने. मधल्या काळात सुपर पॅकने १,००० डॉलरच्या वर खर्च केला की २४ तासांत कळवायचं. म्हणजे जाहिरात कुणाविरुद्ध, किती पैशांची, हे दुसऱ्या दिवशी कळतं. पैसा आला कुठून, ते नंतर.

आता खरी मेख. त्याच शेवटच्या वीस दिवसांत उमेदवाराच्या स्वतःच्या कमिटीला १,००० डॉलरची देणगी आली तर देणाऱ्याचं नाव ४८ तासांत जाहीर करावं लागतं. तो नियम पॅकना नाही. एखादा डॉक्टर उमेदवाराला हजार डॉलर देतो, परवापर्यंत त्याचं नाव साइटवर. आणि सुपर पॅकला दोन कोटी देणारा आरामात डिसेंबरपर्यंत पडद्याआड.

दुपारची_झोप

उदाहरण आहे का, की नुसतंच 'असं होऊ शकतं'?

काटकसर

दोन देते, दोन्ही पक्षांची, म्हणजे धागा भरकटणार नाही.

२०१७, अलाबामा, सिनेटची पोटनिवडणूक, मतदान १२ डिसेंबरला. हायवे ३१ नावाचा सुपर पॅक ऐन वेळी उगवला आणि डेमोक्रॅट डग जोन्स यांच्या बाजूने ४० लाखांच्या आसपास खर्च करून मोकळा झाला. जाहिराती उधारीवर. उधारी असल्याने मतदानाआधी देणगीदार दाखवायचा प्रश्नच नव्हता. निवडणूक झाल्यावर कळलं की मागे सिनेट मेजॉरिटी पॅक आणि प्रायॉरिटीज यूएसए, म्हणजे वॉशिंग्टनमधले पक्षाचे बडे सुपर पॅक होते.

२०२४, आरबीजी पॅक. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जाहिराती आल्या, की गर्भपाताबाबत ट्रम्प आणि दिवंगत न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग (आरबीजी, गर्भपाताच्या हक्काच्या खंद्या समर्थक) यांची मतं जुळतात. गिन्सबर्ग यांच्या नातीने जाहीर निषेध केला. सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. ५ डिसेंबरच्या रिपोर्टात देणगीदार निघाला एकच, एलॉन मस्क.

दुपारची_झोप

रोचक. तरी विरुद्ध बाजू मांडतो, नाहीतर सगळे +१ देत बसतील.

नाव जाहीर करणं नेहमीच पुण्याचं काम नसतं. १९५०च्या दशकात अलाबामा सरकारने एनएएसीपीकडे (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था) सभासदांची यादी मागितली होती, बाहेरच्या राज्यातल्या संस्थांच्या नोंदणीचा कायदा पुढे करून. त्या यादीतल्या माणसाची नोकरी गेली असती, घरावर दगड आले असते. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने यादी द्यायची गरज नाही असा निकाल दिला. आज तळेगावकरांची कंपनी, गाव, झिप आणि राजकीय कल एका क्लिकवर. त्यांचा मॅनेजर दुसऱ्या पक्षाचा असेल तर? पंचवीस डॉलरने कोण उमेदवार विकत घेतो?

काटकसर

पंचवीसबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. २०० चा आकडा १९७९ च्या दुरुस्तीतला आहे, त्याआधी १०० होता. तेव्हापासून हललेला नाही. उमेदवाराला द्यायची मर्यादा मात्र महागाईप्रमाणे दर दोन वर्षांनी वाढते, २०२५-२६ साठी एका निवडणुकीला ३,५०० आहे. मासे पकडायच्या जाळ्याची भोकं तीच राहिली आणि रुपया... आपलं, डॉलर बारीक झाला. आता चिंगळ्याही अडकतात.

पण एनएएसीपीचं उदाहरण दोन कोटीवाल्याला लावू नका. त्याच्या घरावर कोण दगड मारतंय?

एक मजेदार तरतूद सांगते. रिपोर्टातली नावं उचलून कुणी विक्रीसाठी किंवा देणग्या मागायला वापरू नये असा नियम आहे. चोर पकडायला पॅकला प्रत्येक रिपोर्टात दहापर्यंत खोटी नावं घालायची परवानगी आहे, एफईसीला गुपचूप कळवून. त्या नावाने पत्र आलं की समजायचं, कुणीतरी यादी चोरली. मी एक नाव माझ्या मांजराचं घातलं होतं.

उंबरठा

डेट्रॉइटजवळ राहतो. आमच्याकडे २०२२ ला श्री ठाणेदार (बेळगावकर, मराठी माणूस!) डेमोक्रॅटिक प्रायमरीला उभे होते. एआयपॅकशी (इस्रायलच्या बाजूचा दबावगट) जोडलेल्या युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट या सुपर पॅकने त्यांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्या बाजूने ४० लाखांहून जास्त ओतले. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले, स्वतःच्या पैशाला मर्यादा नाही (१९७६ चा बकली निकाल), आणि निवडून आले. आमच्या ग्रुपवर पैज लागली होती की जाहिरातींमागे कोण. मी एफईसीवर जाऊन पंधरा मिनिटांत शोधलं. म्हणजे ही यंत्रणा चालते, बघणारा हवा.

काटकसर

चालते, कारण तो सुपर पॅक आधीपासून नोंदलेला होता आणि नियमित रिपोर्ट भरत होता. शिवाय देणगीदाराच्या रकान्यात माणसाचं नाव असेल तर ठीक. तिथे एखाद्या ५०१(सी)(४) संस्थेचं (करमुक्त, पण काही प्रमाणात राजकारण करू शकणारी) नाव निघालं, की त्या संस्थेला कुणी दिले हे बहुतेक वेळा पुढे कळत नाही. २०२० पासून तर त्या संस्थांना देणगीदारांची नावं आयआरएसलाही कळवावी लागत नाहीत.

स्टीफन कोलबेअरने २०११ मध्ये टीव्हीवर खरोखरचा सुपर पॅक काढला होता, एफईसीची रीतसर परवानगी घेऊन. मग नावं लपवायला एक कागदी संस्थाही काढली. वकील कोण, तर एफईसीचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर. लोक हसले. मी तेव्हा नोट्स काढत होते.

फ्रिमाँटकर

राज्यांकडेही बघा. कॅलिफोर्नियात नाव १०० डॉलरपासूनच येतं, आणि बऱ्याच जाहिरातींवर सर्वात मोठ्या तीन देणगीदारांची नावं ठळक छापावी लागतात. ॲरिझोनात २०२२ मध्ये लोकांनी मतदानाने कायदा केला (प्रपोझिशन २११). मोठा खर्च करणाऱ्याने ५,००० च्या वरच्या पैशाचा मूळ धनी सांगायचा, मध्ये कितीही संस्था असोत. जवळजवळ तीन चतुर्थांश मतदारांनी होकार दिला. तेच डिस्क्लोज ॲक्ट नावाने वॉशिंग्टनमध्ये २०१० पासून अडकलंय. २०२२ मध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४९.

@तळेगावकर, तुम्ही शाळा बोर्ड किंवा टाउन कौन्सिलच्या उमेदवारांना पैसे देणार असाल तर एफईसीचे नोंदणीचे आणि रिपोर्टाचे नियम लागू नाहीत. ते न्यू जर्सीच्या वेगळ्या आयोगाकडे. परदेशी नागरिकांवरची आणि ५०१(सी)(३) वरची बंदी मात्र तिथेही आहेच.

कल्याण_लोकल

आणि नियम मोडला तर एफईसी काय करते?

काटकसर

सहा आयुक्त, एका पक्षाचे तीनच्या वर नकोत, आणि कारवाईला चार मतं हवीत. तीन-तीन झालं की फाइल बंद. हे १९७४ मध्ये मुद्दाम असंच बनवलं, म्हणजे एका पक्षाने हा आयोग दुसऱ्यावर सोडू नये. मे २०२५ मध्ये तर चार आयुक्तसुद्धा उरले नाहीत, कोरम गेला. २०१९ मध्येही असंच झालं होतं. अशा वेळी रिपोर्ट भरावेच लागतात, साइटवर दिसतातही. निकाल द्यायला मात्र कुणी नसतं.

तळेगावकर

चार दिवसांनी येतोय. काल पार्किंग लॉटमध्ये हा सगळा धागा वाचून दाखवला. फराळाच्या डब्यापर्यंत लोक हसत होते, 'नाव, कंपनी, झिप'ला शांत झाले. यादीतली अठ्ठावीस घरं होती. एच-वन-बी वजा जाता पंधरा. कंपनीचं नाव दिसणार म्हटल्यावर अकरा. "खजिनदार कोण?" म्हटल्यावर सगळ्यांना एकदम मुलांना पोहायला न्यायचं आठवलं.

तूर्त पॅक नाही. एकाच्या घरी उमेदवाराला बोलवायचं ठरतंय, नागरिक जोडपं आहे. खिचडी आणि चहा. त्याचाही हिशोब लागतो का?

काटकसर

स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने, उमेदवारासाठी खाणंपिणं आणि आमंत्रणं असतील तर एका निवडणुकीला माणशी १,००० डॉलरपर्यंत देणगी धरत नाहीत. नवरा-बायकोचे मिळून दोन हजार. साबुदाण्याचा भाव बघता पुरेल.

चेक मात्र तिथे कुणी शंकेखोरांच्या हातून घेऊ नका.

शंकेखोर

मी खुर्च्या लावायला येतो.